लटकनांचा धंदा वाढतोय, मग गोंडे बांधणाऱ्यांना काम का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगावच्या फुले मार्केटमध्ये पर्सच्या दुकानात शिरलं की हल्ली पर्सच्या आधी पर्सला लटकवायच्या वस्तू दिसतात. चेरीचा घोस, मोत्यांचा सर, लोकरी अस्वल, दात विचकणारी लबूबू बाहुली. कॉस्मेटिकच्या काउंटरवर लिप ग्लॉसच्या नळीला बदाम अडकवलेला, मोबाइलच्या कव्हरला मण्यांची माळ, केसांच्या क्लचरलासुद्धा लटकन. कॉलेजच्या मुली एकेका पर्सला तीन-तीन चार्म लावतात आणि मला ते मनापासून आवडतं. आमचं घर पटवेकऱ्यांचं. सराफाने घडवलेले मणी, वाट्या, पदक रेशमात ओवायचं, गाठायचं आणि गोंडा लावून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, हे आमचं काम. त्यामुळे लटकन दिसलं की माझा हात आधी गाठीकडे जातो.

असाच एक चार्म मी दुकानात उलटसुलट करून पाहिला. किंमत अडीचशे रुपये. पॉलिस्टरचा गोंडा, सोनेरी कडी, मध्ये तीन मणी. गोंड्याच्या गळ्याशी दोऱ्याचे चार वेढे आणि वर गोंदाचा ठिपका. जरा ओढला तर मणी खाली सरकले. आमच्याकडे गळा बांधताना दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणतात, वेढे एकमेकांवर न चढू देता शेजारी शेजारी बसवतात आणि शेवटचं टोक सुईने वेढ्यांखालून ओढून आत जिरवतात. गोंद लागतच नाही. बाळाच्या करदोड्याला घुंगरू बांधलं की सासूबाई ते स्वतः जोर लावून ओढून बघत, मगच आईच्या हातात देत. बाळ ते तोंडात घालणार, हे धरूनच काम व्हायचं.

ही भीती उगाच नाही. अमेरिकेत मिनियापोलिसला २००६ साली चार वर्षांच्या मुलाने ब्रेसलेटचं बदामाच्या आकाराचं लटकन गिळलं आणि शिशाच्या विषबाधेने तो दगावला. ते ब्रेसलेट बुटांच्या जोडीबरोबर फुकट आलेलं होतं. लटकन तपासलं तर ९९ टक्के शिसं निघालं, आणि कंपनीला सुमारे ३ लाख ब्रेसलेट परत मागवावी लागली. आज आपल्याकडेही बाटलीबरोबर, पर्सबरोबर असे चार्म भेट म्हणून येतात आणि घरी आल्यावर ते धाकट्या भावंडांच्याच हातात पडतात. सोन्याला २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयचं चिन्ह लागतं. मी पाहिलेल्या चार्मच्या पुठ्ठ्यावर मात्र धातूचं नावच नव्हतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, मालावर लिहून येत नाही." मग घाऊक व्यापाऱ्याकडून लिहून मागा ना! शिसं नाही, निकेल नाही, एवढं बिलावर लिहून द्यायला काय हरकत आहे?

मला फॅशनला नावं ठेवायची नाहीत. जिच्या नावाची पर्स फ्रान्सची एर्मेस कंपनी १९८४ पासून विकते, ती अभिनेत्री-गायिका जेन बर्किन आपल्या पर्सला मणी आणि फिती बांधून हिंडायची. लबूबू कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये काढली आणि ब्लॅकपिंक या कोरियन बँडमधल्या गायिका लिसाने २०२४ मध्ये मिरवल्यावर ती जगभर पसरली. पण माझ्या मनात घर करून राहिली आहे ती तिसरीच गोष्ट. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एका आईने २००५ मध्ये मुलांच्या क्रॉक्स चपलांच्या भोकांत घरात पडलेल्या सटरफटर वस्तू बसवून बघितल्या. त्यातून जिबिट्झ नावाचे चपलांचे चार्म निघाले, आणि पुढच्याच वर्षी क्रॉक्स कंपनीने तो धंदा १ कोटी डॉलरला विकत घेतला. सुरुवात घरातल्या घरात झाली होती, कारखाना नंतर आला.

आपल्या खानदेशात असे हात थोडे आहेत का? पोळ्याच्या बाजारात मोरक्या, गोंडे, घुंगुरमाळा, कवड्यांच्या माळा बघा. चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवर लमाण बाया कवड्या, आरशाचे तुकडे आणि लोकरीचे गोंडे कापडावर असे टाचतात की कापड विरलं तरी गोंडा हलत नाही. सातपुड्यात होळीला नाचणाऱ्यांच्या कमरेचे घुंगरू रात्रभर उड्या मारूनही सुटत नाहीत. ही सगळी लटकनंच आहेत, आणि बांधणारी माणसं फुले मार्केटपासून एसटीच्या अंतरावर आहेत.

आमच्या कामाला ओहोटी का लागली, तेही सांगते. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं, तशी मंगळसूत्रं हलकी झाली. काळे मणी सोन्याच्याच तारेत गुंफून तयार माल येतो, त्याला रेशीम लागत नाही. सराफ बाजारातल्या ओट्यांवर बसणारे पटवेकरी त्यामुळे कमी झाले. माझ्या धाकट्या दिराने सुई ठेवली आणि मोबाइल दुरुस्ती शिकला. मी त्याला अडवू शकले नाही, कारण एका गोंड्याला मजुरी मिळते दहा-पंधरा रुपये. आणि तसाच, त्याहून कच्च्या गाठीचा गोंडा काचेच्या शोकेसमध्ये अडीचशेला जातो.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या १८ कामांत सोनार आहेत, शिंपी आहेत, माळा करणारे आहेत, बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. पटवेकरी नाहीत. म्हणजे अवजारांचे १५ हजार नाहीत की ५ टक्के व्याजाचं कर्ज नाही. आपल्या खासदारांनी हे नाव यादीत घालायची मागणी करावी, अशी माझी या पत्रातून कळकळीची विनंती आहे. पटवेकऱ्याशिवाय सोनाराचा दागिना गळ्यात कसा पडायचा, हे सराफ बाजारात कोणालाही विचारा.

दुकानदारांना एवढंच सांगते: सगळा माल बदलू नका, माल टांगायची एक दांडी आमच्यासाठी ठेवा. रेशमी गोंडा, कवडी, पितळी घुंगरू असे चार्म बचत गटांतल्या बाया दिवाळीआधी सहज करून देतील. ज्याला नमुने हवेत त्याला पहिले २५ मी मजुरी न घेता बांधून देईन. रेशीम आणि मणी त्याने आणावेत, आणि मण्यांच्या बिलावर धातूचं नाव असावं.

आपली नम्र,
एक पटवेकरीण,
सराफ बाजार परिसर, जळगाव