‘ज्यूंचा नाताळ’ आणि इस्रायल आळी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या दिवसांत इतर धर्मांकडून काय शिकावे, हा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख काल वाचला. लेखामागील हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु हनुक्काला ‘ज्यूंचा नाताळ’ म्हणणे आणि आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन अबोथ सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, छायाचित्राखाली ‘नाताळासाठी सज्ज झालेले जुने चर्च’ अशी ओळ छापणे, ही शिकण्याची सुरुवात म्हणून जरा अवघडच आहे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, पूर्वी स्वतःच सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत असत. आपण आता त्याचे चर्चही करून टाकले. देऊळ तेवढे राहिले, तेही पुढच्या पुरवणीत होईल अशी आशा आहे.

नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचा अर्थच जन्म असा आहे. हनुक्काचा कोणाच्याही जन्माशी संबंध नाही. जेरुसलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध करून घेतले तेव्हा एका दिवसापुरते तेल आठ दिवस पुरले, म्हणून आठ रात्री चढत्या संख्येने दिवे लावायचे. हा सण कधी नोव्हेंबरात तर कधी डिसेंबरात येतो, कारण त्यांच्या पंचांगातही चांद्रमास असून १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना धरतात. अधिक मासात जावयाला वाण देणाऱ्या आपल्या वाचकांना हे एका वाक्यात कळले असते. लेखकाने मात्र तीन परिच्छेद न्यूयॉर्कच्या रोषणाईवर खर्च केले आहेत.

आणि शिकण्याचाच विषय होता, तर उदाहरण उंबरठ्यावर होते. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्रायलांना हा तेलाच्या दिव्यांचा सण मुळात ठाऊकच नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज आले अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर हनुक्का त्यांनी त्यांच्याकडून शिकून घेतला.

माझी स्वतःची शिकवणी १९५८ च्या सुमारास झाली. शेजारच्या मावशींकडे नवस फेडण्यासाठी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचे ताट मांडले होते: भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, वेलची आणि वर फळे. खजुरावरची प्रार्थना संपताच मी केळ्याला हात घातला. “थांब,” मावशी म्हणाल्या, “ही झाडाच्या फळाची झाली. केळ्याची वेगळी.” केळे झाडालाच लागते, असे मी शहाणपणाने सांगितले. “केळ झाड कुठली रे? एकदा घड दिला की तोडायची. ती जमिनीची.” मग जमिनीतून आलेल्या अन्नाची निराळी प्रार्थना झाली आणि केळे मिळाले. घरी येऊन वडिलांना विचारले. उभी हयात वाडीत शिंपण्यात गेलेला तो माणूस क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “बरोबर आहे त्यांचं. मी कधी असा विचारच केला नव्हता.” त्या ताटाभोवती कोणीही मला सहिष्णुतेवर भाषण दिले नाही आणि कापसाची दाढीही लावली नाही. (नातवाच्या शाळेत गेल्या वर्षी सर्वधर्म स्नेहमेळाव्याच्या नावाखाली बावीस सांताक्लॉज उभे केले होते. कोर्लई येथून तासाभरावर आहे. तिथली ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीज मिसळीची आपली बोली बोलतात. त्यांच्यापैकी एखाद्या आजीला बोलावावे, असे कोणालाही सुचले नाही.)

जाता जाता आणखी एक. ज्या चौकटीत पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा येत, तिथे महिनाभर आपण केकच्या कृती छापत आहात. डिसेंबरात ओहोटी पाहून कुलाबा किल्ल्यात चालत गेलेले पर्यटक पाणी चढले की तिथेच अडकून बसतात आणि त्यांना त्या वेळी केकचा उपयोग नसतो.

छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती कृपया याच आठवड्यात छापावी. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली आणि आळीत आता मोजकीच घरे उरली आहेत. पण त्या घरांत आपले वर्तमानपत्र येते.

आपला,
एक जुना वर्गणीदार, अलिबाग