बँकेचा शेअर घेण्याआधी बारा तिमाह्या पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर गेल्या आठवड्यात बँकांचे शेअर कसे निवडावेत, हे सांगणारा लेख वाचला. पुस्तकी मूल्य, पी-ई (किंमत-नफा गुणोत्तर), एनपीए (थकीत कर्जे), लाभांश असे सगळे त्यात आले. रोकडसुलभतेबद्दल, म्हणजे मागितल्याबरोबर द्यायला बँकेकडे पैसा आहे का याबद्दल, मात्र एक ओळही नव्हती. हा विषय माझ्या जिवाजवळचा आहे, म्हणून लिहितो.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली. त्या वर्षीच्या अहवालातसुद्धा नफा होता, सभासदांना लाभांश वाटला होता. आईने कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे तिथे ठेवले होते. विड्रॉल स्लिपवर आठ हजार लिहून आम्ही रांगेत उभे राहिलो. खिडकीतल्या मुलाने तो आकडा खोडून पाचशे केला आणि खोडलेल्या जागेशेजारी आईचा अंगठा घ्यायला शाईचे पॅड पुढे सरकवले. मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात ताळेबंद शिकवत होतो. नफा असणे आणि मागताक्षणी द्यायला रोकड असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे मला त्या खिडकीपाशी कळले.

पतसंस्थेचे आतले आकडे तेव्हा सभासदाच्या हाती लागत नव्हते. शेअर बाजारात नोंदलेल्या बँकांचे आज सहज मिळतात. दर तिमाहीला बँकेच्या संकेतस्थळावर बासेल-३ (बँकांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम) डिस्क्लोजर या पानावर लिक्विडिटी कव्हरेज रेशो, म्हणजे एलसीआर, छापलेला असतो. अडचणीच्या ३० दिवसांत जेवढा पैसा बाहेर जाईल असे धरले आहे, तेवढा लगेच मोकळा होणारा ऐवज, मुख्यतः रोकड आणि सरकारी रोखे, बँकेकडे आहे का, हे तो सांगतो. रिझर्व्ह बँकेने हा नियम १ जानेवारी २०१५ पासून ६० टक्क्यांवर सुरू केला आणि वर्षाला १० टक्के वाढवत २०१९ मध्ये १०० वर आणला. कोविडच्या काळात तो ८० पर्यंत सैल केला होता. १ एप्रिल २०२१ पासून पुन्हा १०० आहे. जुन्या तिमाह्या वाचताना ही पायरी ध्यानात ठेवावी लागते.

या प्रमाणाचा छेद, म्हणजे महिन्याभरात बाहेर जाईल असा धरलेला पैसा, फार बोलका आहे. मूळ नियमात घरगुती ठेवीतल्या शंभर रुपयांपैकी पाच ते दहाच रुपये महिन्याभरात जातील असे धरले आहे. एखाद्या वित्तसंस्थेने ठेवलेले शंभर मात्र पूर्ण शंभर जातील असे धरतात. म्हणजे राळेगावच्या बचत खात्यातला कापूसवाल्याचा पैसा बँकेला मुंबईतल्या मोठ्या ठेवीपेक्षा जास्त टिकाऊ वाटतो. एलसीआर घसरला तर रोखे कमी झाले की भरवशाच्या ठेवी जाऊन उडत्या ठेवी आल्या, हे आधी तपासावे. दुसरे कारण मला अधिक वाईट वाटते. रोखे पुन्हा घेता येतात, पण गेलेला ठेवीदार सहजी परतत नाही.

एका तिमाहीच्या आकड्यावर विसंबू नये, हे मला कळकळीने सांगायचे आहे. शेत घेताना आपल्याकडे कोणी पोळ्याला विहीर पाहून सौदा करत नाही. वैशाखात पाणी किती हात खाली जाते, ते विचारतात. स्वित्झर्लंडमधल्या क्रेडिट स्विस या बँकेचा एलसीआर २०२२ च्या सप्टेंबर तिमाहीत १९२ टक्के होता, डिसेंबर तिमाहीत तो १४४ वर आला. १४४ हा आकडा एकटा पाहिला तर कोणालाही भक्कम वाटेल. पण त्या तीन महिन्यांत ठेवीदार अब्जावधी फ्रँक काढून घेत होते. १९ मार्च २०२३ ला ती बँक यूबीएस या दुसऱ्या स्विस बँकेच्या ताब्यात देण्याचे जाहीर झाले.

आपल्याकडचे उदाहरण येस बँकेचे. मार्च २०१९ अखेर तिच्या ठेवी सुमारे २ लाख २७ हजार कोटी होत्या, सप्टेंबरअखेर सुमारे २ लाख ९ हजार कोटी. पुढच्या तिमाहीचा निकाल लांबणीवर पडत गेला. ५ मार्च २०२० ला पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली आणि निकाल लागला तो त्यानंतर. ज्यांनी ठेवींची उतरण वहीत मांडली असेल आणि निकाल लांबल्याची नोंद केली असेल, त्यांना बाहेर पडायला वेळ होता. नंतर तर शंभर किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकले.

शेअर पडायला बँक बुडायलाच हवी असे नाही. एचडीएफसी बँकेत जुलै २०२३ मध्ये गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड ही कंपनी विलीन झाली. गृहकर्जे आली, पण त्या मानाने ठेवी आल्या नाहीत. कर्ज-ठेव प्रमाण, ज्याला सीडी रेशो म्हणतात, ११० टक्क्यांच्या आसपास गेले. डिसेंबर तिमाहीत एलसीआरही ११० वर उतरला. निकालानंतर, १७ जानेवारी २०२४ ला, शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक पडला. बँकेला काहीच धोका नव्हता. पण ठेवी जमवायच्या तर जास्त व्याज द्यावे लागते आणि कर्जवाढ आवरावी लागते, म्हणजे पुढचा नफा मंदावतो. बाजाराने त्याचाच हिशेब केला.

माझे जावई यवतमाळला असतात. मागे ते म्हणाले, "मामाजी, एका बँकेचा शेअर पुस्तकी किमतीच्या खाली भेटून राह्यला, घेऊन टाकू का?" मी म्हटले, "जावईबापू, जरा थांबा, वही आणतो." लांब रोजकीर्दीच्या वहीत मी पेन्सिलीने बारा तिमाह्यांचे रकाने पाडतो: एलसीआर, सीडी रेशो, चालू-बचत खात्यांचा वाटा. त्या बँकेचा पहिला रकाना दोन वर्षे उतरत होता, दुसरा चढत होता. जावयांनी वही दोनदा खालून वर वाचली आणि शेअर घेतला नाही.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. तुलना त्याच तिमाहीशी करावी, मार्चची मार्चशी. मार्चअखेर ठेवी फुगवून दाखवण्याची ओढ असते, आगाऊ कराच्या हप्त्यांनी रोकड आटते. एलसीआर हा रोजच्या आकड्यांच्या सरासरीने छापतात, म्हणून एका दिवसाच्या ताळेबंदापेक्षा मला तो जास्त विश्वासाचा वाटतो. आणि चढा आकडा म्हणजे चांगला शेअर असेही नाही. रोख्यांत पडून राहिलेला पैसा कर्जाइतके कमवत नाही. वर्षानुवर्षे फार वर राहणाऱ्या बँकेला कर्जदार मिळत नाहीत का, हेही विचारावे. १ एप्रिल २०२६ पासून मोबाइल आणि इंटरनेट बँकिंग असलेल्या घरगुती ठेवींतून अडीच टक्के जादा पैसा बाहेर जाईल असे धरायचा नियम आहे. त्यामुळे तेव्हा दिसणाऱ्या फरकातला काही भाग केवळ नियमाचा असेल.

आमच्या भागात कापसाचे चुकारे आता थेट खात्यात येतात आणि तरुण पोरे त्यातले काही मोबाइलवरून शेअरमध्ये घालू लागली आहेत. ती आपले पान वाचतात. बँकांचे तिमाही निकाल छापताना आपण नफा आणि एनपीए यांच्या शेजारी तीन रकाने वाढवावेत, ही विनंती: त्या तिमाहीचा सरासरी एलसीआर, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा एलसीआर आणि सीडी रेशो. जागा कमी असेल तर लाभांशाचा रकाना काढला तरी चालेल.

कळावे,
आपला नियमित वाचक
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ