रिप्लेच्या टेकडीवरच्या त्या दोघांना

शनिवारी आईला घेऊन ओहायोतल्या रिप्लेला गेलो होतो, पळून आलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या जॉन रँकिन यांचं टेकडीवरचं घर बघायला. आवारातच तिला उन्हानं भोवळ आली. टोपीवाल्या आजोबांनी तिला सावलीत बसवलं, बरोबरच्या बाईंनी ओला रुमाल मानेवर ठेवला, स्वतःची पाण्याची बाटली दिली. नावं विचारायचं राहूनच गेलं, माझाच वेंधळेपणा.

आई सावरल्यावर त्यांनीच खालची नदी दाखवली. पलीकडे केंटकी, तिथली गुलामगिरी. अलीकडे या घराच्या खिडकीतला, पळून येणाऱ्यांना वाट दाखवणारा दिवा. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवायच्या १८५०च्या कायद्यानंतर तर ते इथंही पकडले जायचे, म्हणून पुढं थेट कॅनडा गाठायचा.

'कडेवर लेकरं घेऊन?' आईनं विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी नुसती मान हलवली.

बाटली आमच्याकडेच राहिलीय. निळी, झाकणाला चीर गेलेली. खूप खूप आभार!