कामूला निराशावादी म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला फ्रेंच लेखक आल्बेर कामूवरचा लेख वाचला. मराठीत कामूवर कुणी पानभर लिहितं याचा आनंद आहेच. पण लेखात त्याला 'अस्तित्ववादी' (जगण्याला आयता अर्थ नसतो, तो माणसाने स्वतःच घडवायचा, असं मानणारा) आणि 'निराशेचा भाष्यकार' म्हटलंय, ते मला मुळीच पटलं नाही.

पहिलं बिरुद त्याने स्वतःच १९४५च्या एका मुलाखतीत नाकारलं. अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्र आणि आपलं नाव कायम जोडीने घेतलं जातं, याचं आम्हा दोघांनाही नवल वाटतं, असं तो म्हणाला होता. निराशेचं म्हणाल, तर आत्महत्या हाच तत्त्वज्ञानातला खरा गंभीर प्रश्न असं 'मिथ ऑफ सिसिफस'च्या सुरुवातीलाच मांडून पुढे पुस्तकभर तो जगण्याचीच बाजू घेतो. माणूस अर्थ मागतो, जग गप्प राहतं. या दोघांची गाठ पडते तिथे त्याचा 'ॲब्सर्ड', म्हणजे विसंगती.

हे गप्प राहणं त्याला आधी घरातच भेटलं, असं मला वाटतं. अल्जीरियातल्या अल्जिअर्स शहराची बेलकूर ही कष्टकऱ्यांची वस्ती, तिथे त्याचं घर. आल्बेर वर्षाचाही नव्हता तेव्हा, १९१४ साली, वडील पहिल्या महायुद्धात जखमी होऊन गेले. आईला ऐकू कमी येई, लिहिता-वाचता येत नसे. लोकांच्या घरी साफसफाई करून ती घर चालवी. नवऱ्याच्या अंगातून काढलेला तोफगोळ्याचा तुकडा इस्पितळाने तिला पाठवला होता. तो तिने डब्यात जपून ठेवला.

घरी कडक आजी. पोराने कमवावं, हा तिचा आग्रह. प्राथमिक शाळेतले लुई जेर्मां गुरुजी तिची समजूत घालायला घरी गेले, शिष्यवृत्तीसाठी फुकट जादा तास घेतले. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. चौथीच्या स्कॉलरशिपचे जादा तास घेतले, "शिकून काय करणार बाई, कामाला लावतो" म्हणणाऱ्या बापांच्या ओट्यावर जाऊन बसले. जेर्मां गुरुजी मला परके वाटत नाहीत.

सतराव्या वर्षी कामूला क्षयाने गाठलं. फुटबॉलची गोलकीपरी सुटली, पुढे तब्येतीपायी प्राध्यापकीच्या परीक्षेलाही बसू दिलं नाही. हे सगळं सोसून तो ऊन, समुद्र आणि पोहण्याबद्दल किती आसुसून लिहितो! लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

१९५७मध्ये नोबेल जाहीर झालं. आईनंतर पहिली आठवण तुमची झाली, तुम्ही त्या गरीब पोराला हात दिला नसता तर यातलं काहीच घडलं नसतं, असं त्याने जेर्मां गुरुजींना कळवलं. नोबेलचं भाषण पुस्तकरूपाने आलं तेही त्यांनाच अर्पण. ४ जानेवारी १९६०ला मोटार अपघातात तो गेला, तेव्हा सोबत एका कादंबरीचं अपुरं हस्तलिखित होतं. त्यात अर्पणाच्या ओळीत आईला म्हटलंय : हे पुस्तक तुला कधीच वाचता येणार नाही. ते छापून यायला १९९४ साल उजाडलं.

माझी एक विनंती आहे. गुरुजींना लिहिलेलं ते पत्र जेमतेम पाऊण पानाचं आहे. येत्या शिक्षकदिनाच्या पुरवणीत त्याचा चांगला मराठी अनुवाद छापावा. जादा तास घेणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी अजून नोकरीत आहेत, त्यांना मी ते कात्रण स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा