मॉफ घेताना दाण्याची चौकशी करा

महोदय,

2025 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलनंतर धातू-सेंद्रिय चौकटींचे, म्हणजे वायू शोषून धरणाऱ्या सच्छिद्र 'मॉफ'चे, कौतुक सुरू आहे. ते रास्तच. पण महापे-रबाळे पट्ट्यातल्या उद्योजकांनी मागणी नोंदवण्याआधी एवढे विचारावे: माल भुकटीत मिळणार की दाण्यांत?

बारीक भुकटी वायू शोषण्याच्या टॉवरमध्ये भरली की वायूची वाट अडते, ब्लोअरवर ताण येतो आणि धूळ व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. म्हणून साधारण 1 ते 3 मिमीचे दाणे लागतात. खरी मेख इथे आहे. झिओलाइट या सच्छिद्र खनिजात चिकणमाती मिसळून 500 अंश सेल्सिअसच्या वर भाजले की दाणा पक्का होतो. बहुतेक मॉफ तेवढी आच सोसत नाहीत. नुसते प्रेसमध्ये दाबले तर एचकेयूएसटी-1 सारख्या मॉफची रचनाच ढासळते. बाइंडर (दाणा बांधून ठेवणारा पदार्थ) कमी पडला तर दाणा चुरतो, जास्त झाला तर छिद्रे बुजतात. 5 ते 10 टक्क्यांपासून चाचणी सुरू करावी, आणि एक्स्ट्रूडरमधून (साच्यातून दाबून काढणाऱ्या यंत्रातून) काढलेला लगदा सावकाश वाळवावा. घाई केली की तडे जातातच.

आपल्या दमट हवेत पाण्याला टिकणारा यूआयओ-66 हा मॉफ बरा. पृष्ठफळ आणि प्रतिलिटर क्षमता मात्र तयार दाण्याचीच मागा, भुकटीची नको.

– एक रसायन अभियंता, घणसोली, नवी मुंबई