सुकलेला क्ले टाकण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बालवाड्यांची कपाटे आवरताना सुकून खडखडीत झालेल्या क्लेचे डबे हमखास कचऱ्यात जातात. नाशिकच्या कोरड्या वैशाखात झाकण जरा सैल राहिले तरी क्ले कडक होतो, हे खरे. परंतु त्यातील बराचसा पुन्हा खेळण्याजोगा करता येत असताना तो टाकून द्यावा, हे मला पटत नाही.

प्ले-डोसारखा क्ले मुख्यत्वे गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी यांचा असतो. (भिंतीवरचे कागद पुसण्याचा हा लगदा अमेरिकेत 1956 च्या सुमारास मुलांचे खेळणे म्हणून बाजारात आला.) सुकताना त्यातले फक्त पाणी उडते, पीठ व मीठ जागेवरच राहते. म्हणून त्याला पाणीच परत द्यायचे, तेही बेताने. नुसता घट्ट झालेला गोळा ओल्या बोटांनी कणकेसारखा मळत राहिला तरी पुरते. अगदी दगड झालेल्या गोळ्याचे मात्र लहान तुकडे करावेत, त्यांवर पाण्याचा हबका मारून ते ओलसर फडक्यात गुंडाळावेत, रात्रभर हवाबंद डब्यात ठेवावेत आणि सकाळी भरपूर मळावेत. गोळा चिकट झालाच, तर चिमूटभर मैदा लावावा. पुष्कळ घरांत अशा वेळी थेट गोडेतेल चोळले जाते. त्याने वरून तुकतुकी येते, पण आतला कोरडेपणा जात नाही. तेलाचे एक-दोन थेंब अगदी शेवटी, हाताला चिकटू नये एवढ्यापुरतेच घ्यावेत.

वर आलेला पांढरा थर पाहून पालक घाबरतात. बहुधा ते मीठ असते. कुबट वास किंवा केसाळ, हिरवे-काळे ठिपके दिसले, तर मात्र तो गोळा मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

हे उपाय प्लॅस्टिसिनला लागू नाहीत. विद्यार्थ्यांना न सुकणारी माती हवी म्हणून 1897 मध्ये इंग्लंडमधील बाथ येथील कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी ती तयार केली. ती स्निग्ध पदार्थांत कालवलेली असल्याने पाणी धरत नाही. थंडीत ताठरली, तर तळहातांत दाबून ऊब दिली की पुरे. हवेत वाळण्यासाठीच बनवलेला क्ले एकदा पुरता वाळला की सहसा पूर्ववत होत नाही.

डब्यावर यांपैकी कोणता प्रकार आहे हे समजले नाही, तर शिक्षिका पाणी घालणार कशात? त्यामुळे उत्पादकांनी ही माहिती, तसेच गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठीची सूचना, मराठीत ठळक छापावी आणि शाळांनीही नव्या खरेदीची यादी करण्याआधी जुने डबे एकदा उघडून पाहावेत, अशी विनंती आहे.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका,
नाशिक रोड