विषय: सात आसनी गाडी आणि "दोन गाड्या घ्या" हा तुमचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला सहावा फोन केला. तो 47 मिनिटं चालला आणि त्यातली 31 मिनिटं मी नुसती ताटकळत होते. तक्रार क्रमांक आता तिसऱ्यांदा बदललाय. म्हणून हे लेखी.

आमच्या घरात सात माणसं आहेत: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तीन मुलं. धाकटीला चाइल्ड सीट लागते, सासऱ्यांना वॉकर. शोरूममध्ये पहिल्याच दिवशी हे सगळं सांगून मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. मोठं माणूस मागच्या रांगेत बसू शकेल का? सात जण बसल्यावर वॉकर आणि चार बॅगा डिकीत राहतील का? आणि एवढ्या भारानिशी मायलेज किती पडेल? पहिल्या दोन्हींना "आरामात" आणि तिसऱ्याला "19 च्या खाली येणारच नाही" अशी उत्तरं मिळाली. वर ब्रोशर उघडून आकड्यांवर बोट ठेवून दाखवलं.

ते आकडे एकेकटे खरे आहेत, हे मला गाडी घरी आल्यावर कळलं. मागच्या रांगेत पायांना जितकी जागा छापली आहे, ती मधली रांग पुढे सरकवल्यावरच मिळते, आणि मग मधल्यांचे गुडघे पुढच्या सीटला लागतात. डिकीचे लिटर एक-एक लिटरचे, 20 बाय 10 बाय 5 सेंटीमीटरचे ठोकळे रचून मोजले आहेत, पण तिसरी रांग पाडून. तळटीप इतकी बारीक आहे की मला मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचावी लागली. आणि मायलेज डब्ल्यूएलटीपी या, गाडीचा इंधनवापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतलं आहे: प्रयोगशाळेतल्या रोलरवर 23 किलोमीटर आणि थोडं, एसी बंद, गाडीत चालक, वर 25 किलो आणि उरलेल्या भारक्षमतेच्या फक्त 15 टक्के वजन. म्हणजे सात जण बसवले की डिकी गेली, डिकी वापरली की माणसं गेली, आणि दोन्ही भरलं की मायलेज गेलं. मी विचारलं होतं ते तिन्ही एकत्र. कुटुंब गाडीत एकत्रच बसतं.

मायलेज मी टाकी-ते-टाकी मोजलं, चार वेळा, त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा थांबलं की थांबून. शेवटच्या वेळी 412 किलोमीटरला 31.7 लिटर, म्हणजे 13. मी एकटी चालवत असताना सगळ्यात चांगलं 15.8 आलं होतं. सर्व्हिस सेंटरने "तुमची चालवायची पद्धत" म्हणून हात झटकले. पण चालकाच्या दाराच्या खांबावरच्या तुमच्याच स्टिकरवर पूर्ण भारासाठी मागच्या टायरचा दाब वेगळा लिहिलाय, आणि त्यांनी चारही टायरमध्ये हलक्या गाडीचा दाब भरून दिला होता. हे मला स्टिकर वाचून त्यांना दाखवावं लागलं. दाब नीट केल्यावर फरक पडला, पण थोडासाच.

आता कालच्या फोनबद्दल. तुमच्या अधिकाऱ्याला मी सांगितलं की चाइल्ड सीट लावल्यावर मधली सीट दुमडतच नाही, त्यामुळे मागे जायची वाट बंद होते. मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलमुळे तिथला गाडीचा तळ उंच आहे, तिथे बसलं की गुडघे छातीशी येतात आणि मांड्या सीटला टेकत नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, तिसरी रांग अधूनमधून वापरायची असते." मी विचारलं, हे ब्रोशरमध्ये कुठे लिहिलंय? तो म्हणाला, "सगळे ग्राहक समजून घेतात." मी वॉकरचं सांगितलं. तो म्हणाला, छतावर पेटी लावून घ्या. मी म्हटलं, मोठ्या पेटीने महामार्गावर मायलेज 6 ते 17 टक्के कमी होतं असं अमेरिकी सरकारचं इंधनविषयक संकेतस्थळ सांगतं, आणि माझी तक्रारच मायलेजची आहे. शिवाय वाकता न येणाऱ्या माणसाचा वॉकर प्रत्येक थांब्यावर छतावरून कोण उतरवणार? यावर तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "एवढं मोठं कुटुंब असेल तर लोक दोन गाड्या घेतात मॅडम."

मी त्याला हे वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. त्याने म्हटलं. मागे कोणीतरी हसलं, तेही मी ऐकलं. "मोठ्या कुटुंबासाठी" हे शब्द तुमच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत आहेत. त्याच कुटुंबाबद्दल तुमचा माणूस असं बोलतो, जणू सात माणसांचं घर ही आमची चूक आहे. दोन गाड्या घ्यायच्या असत्या तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?

माझ्या सासऱ्यांनी तुमच्याच कंपनीची गाडी 11 वर्षं चालवली. ही गाडी घ्यायचा आग्रह त्यांचाच होता. गेल्या महिन्यात बाहेर निघताना मोठ्या मुलाने त्यांचा वॉकर आडवा मांडीवर घेतला होता, आणि ते स्वतः मागे बसायचा प्रयत्न करत दारातच दोनदा थांबले. मग उतरले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबतो." त्यानंतर ते गाडीत बसलेले नाहीत. हे मी काल तुमच्या अधिकाऱ्याला सांगितलं होतं. दोन गाड्यांचं वाक्य त्यानंतर आलं.

मला पुढील गोष्टी 15 दिवसांत लेखी हव्या आहेत. कालच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग आणि त्याबद्दल माफी. तुमच्या तंत्रज्ञासमोर, सातही जण आणि सामान भरून, टाकी-ते-टाकी मायलेज चाचणी. सात जण बसल्यावर डिकीत नेमके किती लिटर उरतात, ते कंपनीच्या पत्रावर. आणि यातलं काहीच जमत नसेल तर गाडी परत घेण्याची तारीख. ब्रोशर, तळटीप, चारही वेळच्या पंपाच्या पावत्या आणि सहाही फोनच्या नोंदी माझ्याकडे आहेत. उत्तर आलं नाही तर त्या घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन, आणि तोवर जो कोणी माझ्याकडे मोठ्या गाडीबद्दल विचारेल त्याला आधी मागच्या रांगेत अर्धा तास बसवीन.

कृपया फोन करू नका. लेखी कळवा.

तुमची ग्राहक